वळणावरचा सांधा

काका, मी तुमच्यावर रागावलेली असतानाच तुम्ही गेलात. माणूस गेलं की राग संपतो, असं आई म्हणाली. माझा संपलेला नाही. उलट शनिवारपासून वाढलाय. त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे, पण उरलेला निम्मा अजूनही तुमचा आहे आणि तो मी सोडणार नाही. बोलून दाखवणं मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्हालाही ते जमत नव्हतं. दोन कमी बोलणारी माणसं सात महिने एका गाळ्यात काम करत होती, हीच खरी चूक झाली.

तुम्ही माझा सांधा कापलात. भांडण तिथे अडकलंय. पण ते नीट मांडायचं तर त्या ड्रॉइंगपासून सुरुवात करावी लागेल.

तेव्हा मी नोकरीला लागून चार महिने झाले होते. लोअर परळच्या ऑफिसात बसून हॉटेलांच्या स्वयंपाकघरांसाठी स्टीलच्या टाक्या आणि ओटे काढायचे. एका बंद टाकीच्या आतल्या कोपऱ्यात मी सांध्याची खूण काढली होती, चांगली नेटकी, मापासकट. आमची कामं वेल्डिंगला तुमच्या गाळ्यात जायची; ते ड्रॉइंग तुमच्याकडून परत आलं. खाली लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘हा सांधा मारायला माणूस टाकीत बंद करावा लागेल. त्याच्या जेवणाचं काय?’

सगळं ऑफिस हसलं. मीही हसल्यासारखं केलं आणि नंतर दहा मिनिटं वॉशरूममध्ये जाऊन उभी राहिले. संध्याकाळी पत्ता शोधत डिलाईल रोडवरून तुमच्या गाळ्यापर्यंत चालत आले आणि दारात थांबले. किती वेळ थांबले ते मला आठवत नाही. शेजारच्या लेथवरचे सलीमभाई सांगतात, वीस मिनिटं. तुम्ही एकदाही वर पाहिलं नाहीत. मग हेल्मेट वर करून म्हणालात, “काय पाहिजे, मॅडम?”

“ते ड्रॉइंग... टाकीचं. माझं होतं.”

तुम्ही मला खालून वरपर्यंत पाहिलंत. “मग? जेवून आलीस काय?”

त्यानंतर तुम्ही वेल्डिंगचा एक बंद पडलेला टॉर्च माझ्या हातात दिलात आणि पुठ्ठ्याचा एक खोका पुढे केलात. ‘घाल आत. कोपऱ्यापर्यंत ने.’ हात गेला नाही. मनगट वळेना, केबल आडवी आली. ‘आता तोंडावर काच आहे, हातात मोजा आहे, दुसऱ्या हातात तार आहे, असं समज.’ तुम्ही एवढंच बोललात आणि कामाला लागलात. चार वर्षांच्या कॉलेजात मला कोणी खोका दिला नव्हता. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. आता मानते आहे, पण राग बाजूला ठेवून नाही.

‘मला शिकवाल का’ हे विचारायला मला आणखी तीन फेऱ्या लागल्या. तुम्ही म्हणालात, “आर्गन शिकून काय करणार? तुझ्या हाताला माउस बरा.” आणि पुढच्याच वाक्यात, “शनिवारी ये. केस बांधून ये. असली ओढणी चालणार नाही.”

साध्या वेल्डिंगमध्ये ठिणग्या उडतात, आवाज होतो, काहीतरी चाललंय असं वाटतं. आर्गन गॅसच्या वेल्डिंगमध्ये तसं काही नाही. टॉर्चच्या तोंडातून टंगस्टनची टोकदार सुई बाहेर डोकावते, तिच्याभोवती गॅस सुटतो, सुई आणि स्टील यांच्यामध्ये निळसर उजेड पेटतो आणि त्याखाली मसुराएवढं चमकतं डबकं तयार होतं. ते डबकं पुढे पुढे न्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्यात तार भरायची. सुई स्टीलपासून तांदळाच्या दाण्याइतकी दूर ठेवायची. टेकली की संपलं. सुईला स्टील चिकटतं, उजेड हिरवट होऊन फाटतो, सांधा काळवंडतो. मग मशीन बंद करायचं, सुई काढायची, दगडावर धरून पुन्हा टोक काढायचं आणि पुन्हा सुरुवात.

पहिले तीन शनिवार तुम्ही मला फक्त सुयांना टोक काढायला लावलंत. टोक उभं घासायचं, आडव्या रेघा उमटता कामा नयेत, आणि त्या दगडावर दुसरं काहीही घासायचं नाही. मी एकदा त्यावर खिळा घासला, तर तुम्ही तो दगडच काढून फेकलात. ओरडला असतात तरी चाललं असतं. नुसता फेकलात. त्यानंतर पाच आठवडे तार नाही. ‘आधी डबकं ओळख.’ एका संध्याकाळी मी नऊ वेळा सुई टेकवली. नऊ वेळा उठून दगडापर्यंत गेले. दहाव्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि हेल्मेटच्या आत डोळे पुसता येत नाहीत. तुम्ही बाहेरून म्हणालात, “श्वास घे गो बाय. श्वास कित्याक धरून ठेवलंस?” रडते आहे हे तुम्हाला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. हेही विचारायचं राहिलं.

आणि ते आकडे! तुम्ही ‘पासष्टवर ठेव’ म्हणालात की माझा हात छप्पन्नवर जायचा. इंग्रजी शाळेत पन्नासच्या पुढचं मराठी आम्ही कधी पाठच केलं नाही. शेवटी तुम्ही मशीनच्या बटणाशी खडूने रेघ मारलीत आणि सलीमभाईंना हाक मारून सांगितलंत, “बघा, इंजिनियरसाठी बालवाडी उघडली.” सलीमभाई म्हणाले, “फीस भी लेना था.” तुम्ही म्हणालात, “ती उद्या टाकीत जाऊन बसेल, तेव्हा घेऊ.”

घरी सराव करायला तुम्ही मला जळलेल्या उदबत्तीच्या काड्या वापरायला सांगितलंत. तार बोटांतून सरकवायची असते, हात न हलवता, नुसत्या अंगठ्याने. आई देवापुढच्या काड्या शोधत फिरायची आणि मी दादरच्या आमच्या बाल्कनीत बसून त्या बोटांतून पुढे ढकलायचे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली पेन्सिलीवर तेच. एक दिवस अंगठा आपसूक चालायला लागला. मी तुम्हाला दाखवलं. तुम्ही “हं” म्हणालात. सात महिन्यांत माझ्या वाट्याला आलेलं सगळ्यात मोठं कौतुक ते.

पण माझी खरी खोड वेगळीच होती. सांधा संपला, उजेड विझला की मी टॉर्च झटकन उचलायचे. कसं झालंय ते बघायची घाई. तुम्ही दर वेळी सांगायचात, उजेड गेला तरी गॅस चालू असतो, तापलेल्या धातूला अजून त्याची गरज असते, हात तिथेच ठेवायचा. मग तुम्ही स्वतःच मोजायला लागलात. एक, दोन, तीन, आठपर्यंत. हिस्स आवाज थांबला की म्हणायचात, “आता बघ.”

‘बघ’ हा तुमचा शब्द होता. चांगलं झालं तरी बघ, वाईट झालं तरी बघ. आणि बघायचं ते नेहमी उलटून. वरून सांधा कितीही देखणा असो, तुम्ही म्हणायचात, “मागची बाजू दाखव.” तिथे आतून गॅस मिळाला नसेल तर स्टील करपतं, काळे दाणे धरतं, करपलेल्या साखरेसारखे. मग तुम्ही करवतीने तो तुकडा कापायचात आणि भंगाराच्या पिंपात टाकायचात. माझ्यासमोर. मला वाटायचं, काहीतरी बोला. शिवी द्या हवी तर.

मग काकींच्या जिन्याचं काम निघालं.

लालबागच्या तुमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर जाताना जिना जिथे वळतो, तिथला लाकडी कठडा मोडला होता. काकींचा गुडघा दुखतो. त्या तिथे भिंतीला हात लावून चढायच्या आणि भिंतीचा पोपडा हातात यायचा. तुम्ही दीड इंची स्टीलच्या पाइपचा कठडा करायला घेतलात आणि मला म्हणालात, “वळणावरचा सांधा तू मार.”

तेव्हा मला काय वाटलं हे तुम्हाला सांगायला हवं होतं. घरी जाताना मी गाळ्यापासून दादरपर्यंत चालत गेले, कारण बसमध्ये बसवेना.

पाइपची टोकं तुम्ही कागदी टेपने बंद केलीत आणि आत गॅसची नळी सोडायची तयारी केलीत. सलीमभाई हसायला लागले. “चाचा, जीने का डंडा है, दूध की टंकी नहीं. अंदर कौन देखेगा?” मलाही तेच म्हणायचं होतं. तुम्ही टेपवर अंगठा दाबत म्हणालात, “माका कळतला ना.”

तो सांधा मी शनिवारी मारला. एकदाही सुई टेकली नाही. खवल्याला खवला लागून ताज्या माशासारखा वर चमकत होता. मी फोटो काढला, आईला पाठवला. तुम्हाला अचानक कुठेतरी जायचं होतं, तुम्ही नंतर बघतो म्हणालात. सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी धावत आले, आणि दारातूनच दिसलं. वळणावर कोरा एल्बो होता, पाइपचा नवा वाकडा तुकडा. माझे खवले नव्हते.

“माझा सांधा कापलात?”

“होय.”

“मला न विचारता?”

“आत ये आधी. बघ.”

“मला नाही बघायचं काही. तुम्हालाच मारायचा होता तर आधीच मारायचा. कशाला नाटक?”

तुमच्याशी मी इतकं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलले असेन. तुम्ही हातातला कपडा खाली ठेवलात आणि पुन्हा म्हणालात, “बघ तरी.” मी वळले आणि निघाले. कोपऱ्यावर जाऊन थांबले, तुम्ही हाक माराल म्हणून. तुम्ही मारली नाहीत. तुमची पद्धत नव्हती. पण कधीतरी पद्धत मोडायची असते, काका.

मी तीन शनिवार आले नाही. तिसऱ्या आठवड्यात तुमचा मिस कॉल आला, एकच रिंग. एक रिंग म्हणजे गॅसचा सिलिंडर भरून आलाय, ये, हे आपलं ठरलेलं होतं. मी मीटिंगमध्ये होते. फोन पालथा ठेवला. मनात म्हटलं, पूर्ण कॉल करा, बोला, मग येते. चार दिवसांनी सलीमभाईंचा फोन आला. तो अनोळखी नंबर म्हणून मी दोनदा उचललाच नाही.

तुम्ही कसे गेलात, काय झालं, ते इथे लिहीत नाही. ते लोक एकमेकांना सांगतायत, पुन्हा पुन्हा, मला ऐकवत नाही.

दिवसकार्याच्या आधी मी काकींना भेटायला गेले. दुसऱ्या मजल्यावरून वर चढताना भिंतीला हात लावावा लागला. वळणावर काहीच नव्हतं. कठडा अजून बसवलेलाच नाही हे बघून मी चक्रावले. तुम्ही तर केव्हाच पुरा केलात ना? काकींनी मला जवळ बसवलं, पाणी दिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “तूच ना गो ती? रोज इचारलंय मी हेंका, कठडो खंय? तर म्हणत, बायचा काम बाकी आसा, येवंदे ती.” मग थोड्या वेळाने, अगदी साध्या आवाजात, “माणसं येतील आता. तेवढं बसवून घे कोणाकडून तरी.”

माझं काय बाकी होतं ते मला कळेना. शनिवारी सलीमभाईंनी गाळ्याचं शटर उघडून दिलं.

कठडा टेबलावर शिकंज्यात तसाच होता. मी जवळ गेले आणि वळणावर वाकले. एल्बोला फक्त चार टाके होते. मोहरीएवढे चार ठिपके, तुकडा जागेवर धरण्यापुरते. बाकी सांधा उघडा. टोकांना नवीन टेप. आतल्या गॅसची नळी जोडलेली. पाच सुया टोक काढून सुपारीच्या डबीत ओळीने ठेवलेल्या. बाजूला माझा जुना सांधा होता, उभा चिरून, आतली बाजू वर करून. आत सगळं काळं, दाणेदार. त्या शनिवारी फोटो काढायच्या आनंदात असलेल्या मला एक गोष्ट आठवत नव्हती, ती तिथे उभ्या उभ्या आठवली. मी आतल्या गॅसचा कॉक उघडलाच नव्हता.

तुम्ही तो पिंपात टाकला नव्हता. मला दाखवायला ठेवला होता.

आता सांगा, मी कोणावर चिडू? सोमवारी मी दारातून आठ पावलं आत आले असते तर ते चार ठिपके मला दिसले असते. माझी खोड, घाईने हात काढून घ्यायची. मान्य. पण तुम्ही? ‘बघ’ हे काय बोलणं झालं? ‘तुझ्यासाठी ठेवलाय’ एवढे दोन शब्द तुमच्या तोंडून निघाले असते तर कोणाचं काय गेलं असतं? ‘कॉक उघडायला विसरलीस’ म्हणाला असतात तर मी लाजेने मेले असते, पण तिथेच उभी राहिले असते. आणि काकी? तीन आठवडे त्या भिंत धरून चढत होत्या, कशासाठी, तर मी येऊन बघावं म्हणून? एका माणसाच्या हट्टाची किंमत दुसऱ्याच्या गुडघ्याने का मोजायची? हे मी तुम्हाला तोंडावर विचारलं असतं. खरंच विचारलं असतं. बहुतेक.

मी केस बांधले. बटण खडूच्या रेघेवर आणलं. आतला कॉक उघडला, दोनदा तपासला. टेपच्या बारीक भोकाशी तुम्ही करायचात तशी पेटती काडी धरली. ती विझली, म्हणजे आतली हवा गेली. सलीमभाई दारात उभे होते, एकदाही हसले नाहीत.

पहिला पाव भाग बरा झाला. दुसराही. तिसऱ्यात सुई टेकली. आजच्या दिवशी तरी टेकायला नको होती, पण टेकली. मी हेल्मेटच्या आत तुम्हाला शिवी दिली, काका, खरी, मराठीतली. मग उठले, खराब झालेला भाग घासून काढला, डबीतली दुसरी सुई लावली आणि पुन्हा बसले. शेवटचा भाग संपला, उजेड विझला. मी हात तिथेच ठेवला. मोजायला कोणी नव्हतं, म्हणून मीच मोजलं. आठ झाले, हिस्स थांबलं. मी तरीही हात काढला नाही.

“हो गया, बेटा,” सलीमभाई म्हणाले. “देख ले.”

टेप काढून मोबाइलचा उजेड आत टाकला. आतून सोनेरी कड आली होती, फिकट, तुम्ही जिला ‘हं’ म्हणाला असतात तशी. फक्त तिसऱ्या भागात, जिथे सुई टेकली होती, तिथे वाटाण्याएवढा करडा डाग होता. भोक नव्हतं, चीर नव्हती. सांधा धरेल. पण डाग होता.

तुम्ही कापला असतात. मला ठाऊक आहे. करवत तिथेच टांगलेली होती, मी ती हातातही घेतली. मग परत टांगली. बाहेरून घासून सांधा चकचकीत केला आणि काल, रविवारी, सलीमभाईंना बरोबर घेऊन कठडा जिन्यावर बसवला. हा निर्णय माझा आहे आणि तो तुम्हाला पटणार नाही. नका पटवून घेऊ. पण काकींना तो कालच हवा होता, पुढच्या शनिवारी नाही.

काकी खाली येऊन पुन्हा वर चढल्या, नुसतं बघायला. वळणावर त्यांचा हात बरोबर सांध्यावर पडला. तिथेच थांबून त्यांनी दम घेतला. “ह्यो तूच केलंस?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. आतल्या डागाचं सांगावंसं वाटलं, अगदी ओठांवर आलं. सांगितलं नाही. कठड्याच्या आत कोण बघणार?

त्या वर गेल्या. मी वळणावर उभी राहिले. पाइप गार होता, तरीही मी सांध्यावर हात ठेवला आणि आठपर्यंत मोजलं, मग पुन्हा एकपासून.